बाक, पाइप आणि पोच : खानदेशातील एका खरेदीचे प्रकरण

सरकारी खरेदीची चर्चा बहुधा आर्थिक लिफाफा उघडण्याच्या दिवसापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. कोणाचा दर किती आला, सर्वांत कमी कोणाचा, तो का स्वीकारला किंवा का नाकारला, एवढ्यावरच वर्तमानपत्रांचे, सभागृहाचे आणि लेखापरीक्षकांचे लक्ष खिळलेले असते. पुढील प्रकरण खानदेशातील एका जिल्हा परिषदेतले आहे. त्या वेळी मी तिथे मुख्य लेखा व वित्त अधिकारी होतो आणि खरेदी समितीचा सदस्य म्हणून प्रत्येक टप्प्यावर माझी सही होती, त्यामुळे जे चुकले त्यात माझाही वाटा आहे. जिल्ह्याचे नाव मुद्दाम देत नाही. जळगाव, धुळे आणि 1 जुलै 1998 रोजी धुळ्यातून वेगळा झालेला नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांच्या उत्तरेला सातपुडा आहे, तिन्हींत तापीकाठची सपाट काळी जमीन आहे, आणि तिन्हींच्या मुख्यालयांत बसणाऱ्या माणसाला डोंगरातले पाडे नकाशावर दिसतात त्यापेक्षा बरेच लांब आहेत. रकमाही देत नाही. अंदाजपत्रकातील दर 100 धरतो आणि बाकीचे दर त्या प्रमाणात सांगतो.

जिल्हा नियोजन समितीकडून प्राथमिक शाळांसाठी जोडबाकांचा निधी मंजूर झाला होता. कार्यालयीन भाषेत त्याला ड्युअल डेस्क म्हणतात. दोन मुलांना बसायची फळी, पुढे वह्या ठेवायची फळी, खाली दप्तराचा कप्पा आणि हे सगळे लोखंडी पाइपच्या सांगाड्यावर बसवलेले. अनेक शाळांत मुले तेव्हा बसकरपट्ट्यांवर बसत होती, त्यामुळे मागणी खरी होती आणि तिच्याबद्दल कोणाचाही वाद नव्हता. प्रशासकीय मान्यता दिवाळीनंतर मिळाली, निविदा डिसेंबरात राज्य शासनाच्या महाटेंडर्स या निविदांच्या संकेतस्थळावर चढली आणि आर्थिक लिफाफा जानेवारीच्या उत्तरार्धात उघडला. 31 मार्चचे सावट पहिल्या टिपणीपासूनच नस्तीवर, म्हणजे फाइलवर, होते.

राज्याच्या उद्योग विभागाने कार्यालयीन खरेदीची सुधारित नियमपुस्तिका 1 डिसेंबर 2016 रोजी काढली होती. ती येऊन फार काळ झाला नव्हता. तिच्याप्रमाणे त्या वेळी 3 लाखांवरील खरेदीला ई-निविदा आवश्यक होती. आमची खरेदी त्या मर्यादेच्या कितीतरी पुढे होती, म्हणून ई-निविदा, दोन लिफाफे (एक पात्रतेचा, एक दराचा), बयाणा रक्कम, खरेदी समिती हे सगळे काटेकोरपणे पाळले गेले. नियमपुस्तिका समोर ठेवून तपासणी केली असती तर त्या दिवसापर्यंत आमच्याकडे बोट दाखवायला जागा नव्हती.

चूक त्याच्या आधीच झाली होती. शिक्षण विभागात ज्या टेबलावर हा विषय होता, तिथल्या कनिष्ठ सहायकाने मागील वर्षीच्या बाकांची निविदा संगणकावर उघडली, संख्या बदलली, तारखा बदलल्या आणि मसुदा वर पाठवला. यात त्याचा दोष मी फारसा मानत नाही. त्याच्याकडे दुसरा आधार नव्हता, त्याने शाळेचा बाक कधी विकत घेतला नव्हता, आणि त्याच्या वरच्या कोणीही त्याला वेगळे काही करायला सांगितले नव्हते. मसुदा कक्ष अधिकारी, शिक्षणाधिकारी, वित्त विभाग, अतिरिक्त मुख्य कार्यकारी अधिकारी आणि मुख्य कार्यकारी अधिकारी अशा पायऱ्या चढून गेला. प्रत्येक पायरीवर टिपणी वाचली गेली. निविदेसोबत जोडलेले तांत्रिक विनिर्देशाचे, म्हणजे वस्तू नेमकी कशी हवी ते सांगणारे, पान कोणीच वाचले नाही. माझ्या विभागाने तरतूद उपलब्ध असल्याची खात्री केली, बयाण्याची टक्केवारी पाहिली आणि ‘सहमत’ लिहिले.

त्या पानावर सांगाड्याबद्दल एकच ओळ होती : ‘1 इंच चौरस लोखंडी पाइप, पावडर कोटिंगसह’. पाइपच्या भिंतीची जाडी लिहिलेली नव्हती. पोच कुठे द्यायची, या रकान्यात ‘तालुका मुख्यालय’ असे होते. तिसरी अट मागील तीन वर्षांच्या उलाढालीची होती, आणि ती इतकी उंच लावलेली होती की जळगाव-धुळ्याच्या औद्योगिक वसाहतींत फर्निचर बनवणारे बहुतेक लघुउद्योजक निविदा भरण्याआधीच बाद होत होते. या तीन गोष्टींपैकी पहिल्या दोन पुढे गाजल्या. तिसरीबद्दल नंतर लिहितो, कारण तिच्याबाबत मी बराच काळ चुकीच्या समजुतीत होतो.

लिफाफा उघडला तेव्हा चार निविदाधारकांपैकी तीन पात्र ठरले होते. त्यांचे दर अनुक्रमे 72, 91 आणि 98 असे आले. सर्वांत कमी दर देणारा पुरवठादार राज्याबाहेरचा होता आणि त्याची कागदपत्रे चोख होती. शिक्षण विभागाने तुलनात्मक तक्ता तयार केला आणि 72 चा दर स्वीकारावा अशी शिफारस केली. माझ्या हातची टिपणी मला आजही शब्दशः आठवते : ‘न्यूनतम दर अंदाजित दरापेक्षा 28 टक्के कमी असून शासनाच्या हिताचा आहे. स्वीकारण्यास हरकत नसावी.’ लेखा अधिकाऱ्याच्या दृष्टीने हे निर्दोष वाक्य आहे. 28 टक्के कमी दर कसा परवडतो, हा प्रश्न त्यात विचारलेला नाही, आणि तो न विचारणे हेच त्या वाक्याचे काम होते.

असे का होते, हे समजून घेतल्याशिवाय पुढचा प्रसंग कळणार नाही. सर्वांत कमी दर स्वीकारणाऱ्या अधिकाऱ्याला सहसा कोणी काही विचारत नाही. तो नाकारणाऱ्याला मात्र निवृत्तीनंतरही उत्तरे द्यावी लागतात. भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम, 1988 च्या कलम 13 मध्ये त्या काळी एक उपखंड होता, त्यानुसार लोकसेवकाने पदावर असताना लोकहित नसताना कोणाला आर्थिक लाभ मिळवून दिला तर तोही गुन्हा ठरू शकत होता आणि त्यासाठी लाच घेतल्याचे सिद्ध होण्याची गरज नव्हती. 2018 च्या दुरुस्तीने तो उपखंड गेला, पण त्याने घातलेली सवय गेली नाही. 91 चा दर स्वीकारला तर 19 च्या फरकाचा ‘लाभ’ कोणाला तरी मिळवून दिल्याचा आरोप होऊ शकतो, ही भीती त्या बैठकीत प्रत्येकाच्या मनात होती आणि ती पूर्णपणे निराधारही नव्हती. वरिष्ठ पदावरची व्यक्ती खरेदीच्या बाबतीत स्वतःची बुद्धी बाजूला ठेवून तक्त्यातील सर्वांत लहान आकड्याचा आसरा घेते, त्यात आळसापेक्षा भीतीचाच भाग मोठा असतो.

खरेदी समितीची बैठक मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या दालनात झाली. मॅडम जिल्ह्यात येऊन सहा-सात महिने झाले होते. शिक्षण समितीचे सभापती, ज्यांना सगळे आप्पा म्हणत, समितीचे सदस्य नव्हते, पण विषय त्यांच्या खात्याचा असल्याने येऊन बसले होते. आप्पांचे म्हणणे सरळ होते : निविदा रद्द करा, उलाढालीची अट कमी करा, आपल्या भागातल्या लोकांना भरू द्या. शिक्षणाधिकारी म्हणाले की रद्द केली तर मार्चपूर्वी बाक येणार नाहीत आणि निधी परत जाईल. मी वर दिलेली टिपणी वाचून दाखवली. मॅडमनी नस्ती बंद केली आणि विचारले, “डोंगरातल्या शेवटच्या शाळेत हा बाक किती रुपयांना पोचतो?”

उत्तर कोणाकडे नव्हते. अटींचे पान उघडले तेव्हा लक्षात आले की पुरवठादाराला तालुक्याच्या गावापर्यंतच जायचे आहे. तिथून शाळेपर्यंतचा खर्च निविदेत नाही, अंदाजपत्रकात नाही आणि शाळेच्या अनुदानातही नाही. मागील वर्षी काय झाले होते, असे विचारल्यावर एका गटशिक्षणाधिकाऱ्यांना दूरध्वनी लावला गेला. त्यांनी जे सांगितले ते ऐकून दालनात बराच वेळ कोणी बोलले नाही. सपाटीवरच्या शाळांनी ग्रामपंचायतीचा किंवा पालकांचा ट्रॅक्टर आणून बाक नेले होते. डोंगराळ भागातल्या काही शाळांचे बाक तालुक्याच्या शाळेच्या पटांगणात उन्हाळाभर पडून राहिले. मे महिन्यात खानदेशातला पारा 45 अंशांच्या वर जातो, त्या उन्हात फळ्यांचे लॅमिनेशन सुटले, आणि पहिल्या पावसात आतला भुसा फुगला. काही शिक्षकांनी स्वतःच्या खिशातून जीपचे भाडे दिले होते. हा सगळा खर्च झाला होता, फक्त तो आमच्या कोणत्याच नोंदवहीत नव्हता. जडवस्तू नोंदवहीत मात्र पटांगणातला प्रत्येक बाक तालुक्याला मिळाल्याच्या तारखेने चढलेला होता.

दुसरा प्रश्न मॅडमनी नमुन्याबद्दल विचारला. पुरवठादाराचा नमुना बाक शिक्षण विभागाच्या व्हरांड्यात आठवडाभर ठेवलेला होता. त्यावर अनेकजण बसून गेले होते, कोणी मोजले नव्हते. पाणीपुरवठा विभागाच्या हातपंप दुरुस्ती पथकातल्या एका जुन्या मिस्त्रींना बोलावण्यात आले. त्यांनी बाकाचे एक टोक दोन बोटांनी उचलले आणि म्हणाले, “पाइप हलका शे, साहेब.” मग त्यांनी पायाच्या टोकाचे प्लास्टिकचे बूच काढले आणि कॅलिपर लावला. भिंतीची जाडी 1.2 मिलिमीटर भरली, म्हणजे 18 गेज. फर्निचरला साधारणपणे 16 गेज, म्हणजे सुमारे 1.6 मिलिमीटर, धरतात आणि दुसऱ्या क्रमांकाच्या निविदाधारकाच्या नमुन्यात तेवढीच जाडी निघाली. एक इंची चौरस पाइप 1.6 मिलिमीटरचा असेल तर मीटरमागे सुमारे 1.18 किलो भरतो आणि 1.2 चा असेल तर सुमारे 0.9 किलो. पोलादात जवळपास चौथा हिस्सा फरक. बाकाच्या किमतीत सर्वांत मोठा वाटा पोलादाचाच असतो, म्हणून 72 आणि 91 यांमधल्या अंतराचा मोठा भाग त्या बुचाखाली होता. पावडर कोटिंगवरून जाडी कळत नाही, बूच काढल्यावरच ती दिसते.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण नंतर ती फार विपर्यस्त स्वरूपात छापली गेली. पुरवठादाराने फसवणूक केलेली नव्हती. आम्ही जाडी लिहिली नव्हती, त्याने आमच्या अटीत बसणारा सर्वांत स्वस्त पाइप वापरला. शहाण्या व्यापाऱ्याने दुसरे काय करावे? ज्याने न सांगता जाड पाइप धरला तो दरात हरला. आमच्या कागदाने कमी देणाऱ्याला बक्षीस आणि जास्त देणाऱ्याला दंड, अशी व्यवस्था केली होती, आणि तीही निष्पक्षपणे, नियमपुस्तिकेच्या चौकटीत राहून.

आता पर्याय कोणते होते ते पाहू. 72 चा दर स्वीकारणे हा सर्वांत सुरक्षित पर्याय होता, आणि मी प्रामाणिकपणे सांगतो की बैठकीतल्या बहुसंख्यांचा, माझ्यासकट, कल अजूनही तिकडेच होता. दुसरी सूचना शिक्षणाधिकाऱ्यांची होती : याच पुरवठादाराला बोलावून त्याच दरात 16 गेज आणि शाळा पोच कबूल करून घ्यावी. ऐकायला ती व्यवहारी वाटते. प्रत्यक्षात लिफाफा उघडल्यानंतर वस्तूचे स्वरूप बदलणे म्हणजे बाकीच्या दोघांना न सांगता नवी निविदा काढणे होय. केंद्रीय दक्षता आयोगाने 3 मार्च 2007 च्या परिपत्रकात निविदोत्तर वाटाघाटींना अपवादात्मक परिस्थितीतच आणि तेही न्यूनतम निविदाधारकाशीच मुभा दिली आहे. आयोगाचे कार्यक्षेत्र जिल्हा परिषदेपर्यंत येत नाही, पण त्यामागचे कारण आम्हालाही तितकेच लागू होते. शिवाय ज्याने त्या दरात ते कबूल केले असते, त्याने कुठेतरी दुसरीकडे हात आखडला असता. तिसरा पर्याय शासकीय ई-बाजारपेठेचा, म्हणजे जीईएमचा. ऑगस्ट 2016 मध्ये सुरू झालेली ती व्यवस्था तेव्हा नवी होती आणि आमच्या तालुक्यांत तिच्यावर खरेदी करण्याचा सराव कोणालाच नव्हता. त्यावर फार वेळ गेला नाही.

असाधारण कमी दराचे काय करावे, याचे मार्गदर्शन केंद्राच्या वित्त मंत्रालयाच्या व्यय विभागाने 2017 मध्ये काढलेल्या वस्तू-खरेदी पुस्तिकेत आहे : निविदाधारकाकडून लेखी स्पष्टीकरण आणि दराचे पृथक्करण मागवावे, आणि ते समाधानकारक नसेल तरच निविदा नाकारावी. ती पुस्तिका आम्हाला बंधनकारक नव्हती, तरी मॅडमनी ती पद्धत वापरायचे ठरवले. पुरवठादाराला दर पृथक्करण मागितले. त्याने तीन दिवसांत ते पाठवले, आणि ते निर्दोष होते. 1.2 मिलिमीटरचा पाइप, तालुक्यापर्यंतची वाहतूक, माफक नफा. त्याचा दर असाधारण नव्हता. आमची मागणी असाधारण होती. हे पृथक्करण हाती आल्यावर निर्णय सोपा झाला असे वाटेल, पण तसे नव्हते, कारण आता त्याला नाकारण्याचे कोणतेही कारण त्याच्या बाजूला उरलेले नव्हते. कारण आमच्या बाजूला शोधायचे होते, आणि ते लिहायचे म्हणजे आमची चूक लिहायची.

निविदेत ‘कोणतेही कारण न देता निविदा रद्द करण्याचा अधिकार राखून ठेवला आहे’ अशी नेहमीची अट होती. अतिरिक्त मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांचे मत तिचाच आधार घ्यावा असे होते. मॅडम त्याला तयार झाल्या नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने 1994 च्या टाटा सेल्युलर प्रकरणात म्हटले आहे की न्यूनतम किंवा कोणतीही निविदा नाकारण्याचा अधिकार शासनाला असतोच, पण तो वापरताना राज्यघटनेच्या अनुच्छेद 14 ची तत्त्वे पाळावी लागतात, आणि न्यायालय निर्णयाच्या गुणवत्तेवर अपील ऐकत नाही, तो कसा घेतला गेला ते तपासते. याचा व्यवहारातला अर्थ असा की कारण नसलेली नस्ती औरंगाबाद खंडपीठासमोर गेली असती तर तिथे आमच्याकडे बोलायला काहीच नसते. म्हणून मॅडमनी स्वतःच्या हाताने दीड पान टिपणी लिहिली. विनिर्देशात पाइपची जाडी नमूद करण्याचे कार्यालयाकडून राहून गेले, पोचस्थान चुकीचे होते, त्यामुळे तिन्ही दर एकाच वस्तूचे नाहीत आणि त्यांची तुलना होऊ शकत नाही, न्यूनतम निविदाधारकाचा यात दोष नाही, त्याची बयाणा रक्कम तात्काळ परत करावी. खाली मूळ मसुद्यावर सह्या करणाऱ्या सगळ्यांची पदनामे होती आणि पहिले पदनाम त्यांचे स्वतःचे होते.

मी नोकरीत अनेक मुख्य कार्यकारी अधिकारी पाहिले. कार्यालयाची चूक कार्यालयाच्या नस्तीत, चालू निविदेच्या मध्यावर, वरपासून खालपर्यंत पदनामांसह लिहिणारी व्यक्ती मी ती एकच पाहिली. त्या टिपणीने दोन गोष्टी साधल्या. पुरवठादाराच्या वकिलाची नोटीस आली, तिला उत्तर म्हणून ती टिपणी गेली, आणि प्रकरण खंडपीठापर्यंत गेले नाही. आणि कनिष्ठ सहायकावर कारवाईचा जो प्रस्ताव हळूहळू तयार होत होता, तो आपोआप थांबला.

निधी परत जाण्याच्या भीतीचा निकाल मात्र मला लावायचा होता, आणि मी तो आधीच्या बैठकीत लावायला हवा होता. जिल्हा परिषदेला मिळणारा नियोजन समितीचा निधी 31 मार्चपूर्वी कोषागारातून काढावा लागतो, परंतु तो खर्च करायला पुढच्या आर्थिक वर्षाची अखेर ही मुदत असते. वित्त विभागातल्या प्रत्येकाला हे माहीत असते. तरीही दर वर्षी फेब्रुवारीत ‘निधी व्यपगत होईल’ हे वाक्य प्रत्येक विभाग वापरतो आणि वित्त विभाग ते खोडत नाही, कारण घाईमुळे खर्चाची टक्केवारी चांगली दिसते आणि आढावा बैठकीत ती टक्केवारीच विचारली जाते. मी ते वाक्य त्या दिवशी खोडले नव्हते. दोन दिवसांनी लेखी दिले.

नवे विनिर्देश बनवायला नऊ दिवस लागले. पाइपची किमान जाडी 1.6 मिलिमीटर लिहिली गेली. त्यासोबत संपूर्ण बाकाचे किमान वजनही लिहिले गेले. ही मिस्त्रींची सूचना होती, आणि मला ती अजूनही त्या खरेदीतली सर्वांत हुशार गोष्ट वाटते. मुख्याध्यापकाकडे कॅलिपर नसतो, पण पोषण आहाराचा तांदूळ मोजायचा काटा अनेक शाळांत असतो. जिल्ह्याचे दोन विभाग केले : सपाट आणि डोंगराळ. प्रत्येकाचा दर वेगळा मागवला आणि पोच शाळेच्या दारात ठेवली. डोंगराळ विभागातल्या शाळांची यादी करताना केंद्रप्रमुखांना बोलावले, तेव्हा कळले की कार्यालयाच्या यादीत ‘बारमाही रस्ता’ म्हणून नोंदलेल्या काही ठिकाणी पावसाळ्यात नाला उतरल्याशिवाय पलीकडे जाता येत नाही. एका केंद्रप्रमुखांनी मार्चअखेर पुरवठ्याच्या तारखेलाही हरकत घेतली. होळीच्या आधीचे भोंगऱ्या बाजार आणि नंतर होळी, त्या दिवसांत पाड्यावर बाक उतरवून घ्यायला कोण असणार, आणि ऊसतोडीला गुजरातेत गेलेली कुटुंबे तर तेव्हा परतलेलीही नसतात. मग डोंगराळ भागासाठी मुदत मेअखेर, म्हणजे पावसाआधी, केली गेली.

आणि उलाढालीची अट. पहिल्या बैठकीत आप्पांनी ती कमी करायला सांगितली तेव्हा आम्ही सर्व अधिकाऱ्यांनी एकमेकांकडे पाहिले होते. लोकप्रतिनिधी अट बदलायला सांगतो म्हणजे त्याचा कोणीतरी ‘माणूस’ असणार, हे आमच्या डोक्यात पक्के होते. कदाचित असेलही. पण अट तपासल्यावर दिसले की ती कोणत्याही हिशेबावर आधारलेली नव्हती. कधीतरी कोणीतरी मोठा आकडा लिहिला होता आणि तो दर वर्षी उतरत आला होता. सूक्ष्म व लघु उद्योगांकडून ठराविक हिस्सा घेण्याचे केंद्राचे 2012 चे धोरण केंद्रीय विभागांना आणि उपक्रमांना लागू आहे, आम्हाला नाही, तरी त्यामागचा विचार आमच्याही कामाचा होता. अट कंत्राटाच्या आकाराशी जोडून खाली आणली. मागणी कोण करतो यावरून तिच्या बरोबर-चूकपणाचा निकाल लावण्याची आमची सवय त्या दिवशी उघडी पडली, आणि ते मला नंतरही टोचत राहिले. आप्पांनी मात्र या बदलाचे श्रेय सर्वसाधारण सभेत भरपूर घेतले, ते वेगळे.

फेरनिविदेत सात निविदा आल्या. दोन्ही विभागांचा एकत्रित सरासरी दर 94 पडला. म्हणजे मूळ अंदाजापेक्षा 6 टक्के कमी, आणि तो 16 गेजच्या पाइपसह, शाळेच्या दारात. ही बाजू कोणीच मांडली नाही. स्थानिक दैनिकांत बातमी आली ती 72 चे 94 कसे झाले याची. त्याच निधीत 72 च्या दराने जेवढे बाक आले असते त्यापेक्षा सुमारे चौथा हिस्सा बाक कमी आले, हे खरे होते, आणि ज्या शाळांची नावे यादीतून खाली गेली त्यांच्या शिक्षकांना आमचे गेजचे गणित समजावून सांगण्यात अर्थ नव्हता.

पुरवठा कागदावर लिहिला तसा झाला नाही. सपाट विभागात तो बहुतेक वेळेत झाला. डोंगराळ विभागात पुरवठादाराच्या मोठ्या ट्रकचा चालक एका घाटाच्या पायथ्याशी थांबला आणि “तठे गाडी जात नही” म्हणून माल उतरवायला लागला. तिथे ‘शाळेच्या दारात’ ही दोन शब्दांची अट कामी आली, पुरवठादाराला लहान पिकअप भाड्याने घ्याव्या लागल्या. मे संपला तेव्हा काही पाडे राहिलेच होते आणि जूनच्या पावसाने रस्ता बंद झाला. त्या शाळांना बाक दिवाळीनंतर मिळाले, पुरवठादाराला विलंबाचा दंड बसला. वजनात कमी भरलेले काही बाक मुख्याध्यापकांनी परत पाठवले. पूर्वीच्या कोणत्याही खरेदीत एका मुख्याध्यापकाने माल परत पाठवल्याचे मी ऐकले नव्हते.

स्थानिक निधी लेखा परीक्षेत अपेक्षेप्रमाणे परिच्छेद, म्हणजे लेखी आक्षेप, लागला : पहिल्या निविदेतील न्यूनतम दर नाकारून वाढीव दराने खरेदी केल्यामुळे झालेला अतिरिक्त खर्च. रक्कम काढताना 72 आणि 94 मधला फरक धरला होता, मूळ 100 चा उल्लेख नव्हता आणि पाइपच्या जाडीचाही नव्हता. तोपर्यंत मॅडमची बदली झाली होती. त्याचे अनुपालन, म्हणजे उत्तर, मी लिहिले आणि त्यांची दीड पानांची टिपणी जोडली. तालुक्याच्या पटांगणात पडलेल्या आधीच्या वर्षीच्या बाकांबद्दल मात्र कधीच कोणताही परिच्छेद लागला नव्हता. त्यांचा दर न्यूनतम होता, पावत्या पूर्ण होत्या आणि नोंदी जिथल्या तिथे होत्या. मी निवृत्त झालो तेव्हा आमचा परिच्छेद प्रलंबितच होता.

एक गोष्ट आम्हा कोणाच्याच लक्षात आली नव्हती. शाळा पोच लिहिताना जोडणी कोणी करायची ते लिहायचे राहिले. पिकअपमध्ये जास्त माल मावावा म्हणून पुरवठादाराने डोंगराळ विभागातले बाक सुटे करून पाठवले, सांगाडे वेगळे, फळ्या वेगळ्या, नटबोल्ट पिशवीत. अटीप्रमाणे पोच पूर्ण होती. शिक्षकांनी मोटारसायकलच्या पान्यांनी ते जोडले.

पुढच्या वर्षी पुन्हा बाकांचा निधी आला. तेच टेबल, तोच कनिष्ठ सहायक. त्याने आमची फेरनिविदा संगणकावर उघडली आणि तारखा बदलल्या. मसुदा माझ्याकडे आला तेव्हा मी या वेळी विनिर्देशाचे पान काढून वाचले. जाडी होती, वजन होते, दोन विभाग होते, शाळेचे दार होते. जोडणीचा उल्लेख कुठेही नव्हता.